फुस्तुकला नजर कुणाची लागली

खल्फान बिन सुलैमान 'माशाल्लाह' म्हणाला की रस्त्यावरची गाढवं मान वळवून बघायची. बाकीची माणसं हा शब्द तोंडातल्या तोंडात म्हणतात. कुणाचं मूल गोंडस दिसलं, कुणाच्या झाडाला खजूर लगडला, की आधी देवाचं नाव घ्यायचं आणि मग कौतुक करायचं, म्हणजे आपली नजर त्याला बाधत नाही. एवढं साधं. पण खल्फान असा ओरडायचा की ज्याचं कौतुक चाललंय तोच दचकायचा. एकदा त्याच्या दोस्ताच्या, हमूदच्या, नव्या बाळाला बघून तो इतक्या जोरात माशाल्लाह म्हणाला की बाळ रडून रडून निळं पडलं. हमूदची बायको म्हणाली, ह्यापेक्षा नजर लागलेली परवडली.

त्याला कारणही तसंच होतं. खल्फानला स्वतःच्या डोळ्यांची भीती वाटायची.

तो लहान असताना गावात शाळा म्हणजे बोरीच्या झाडाखाली बसलेले कुराणाचे गुरुजी आणि वाळूत बोटानं गिरवलेली अक्षरं. त्या दिवसांत त्याच्या चुलतभावाला, खमीसला, बहरैनहून लाल सायकल आली. सगळी पोरं सायकलीमागे धावली. खल्फान धावला नाही. भिंतीला टेकून सकाळभर नुसता बघत राहिला. दुपारी खमीस सायकलीसकट पाण्याच्या पाटात गेला, सायकलीचा दांडा मोडला आणि खमीसचा पुढचा दात पडला. खल्फानला कुणी एक शब्द बोललं नाही. आई मात्र रात्रीच्या भाकरीशी जवळ बसवून म्हणाली, "डोळे खाली ठेवत जा रे बाळा." बस. तेवढं वाक्य त्याच्या मानेवर बसलं ते म्हातारपणापर्यंत उतरलं नाही.

आणि मत्सर तर त्याच्या अंगात उपजतच होता. शेजाऱ्याच्या खजुराला आपल्यापेक्षा आधी रंग चढला की ह्याच्या पोटात दुखायचं. भावाच्या लग्नात आपल्या लग्नापेक्षा जास्त भात शिजला, हे त्यानं कितीतरी वर्षं मनात ठेवलं, आणि भाऊ वारल्यावर त्याच्या मातीला हाच सगळ्यात जास्त रडला. माणूस वाईट नव्हता. जळायचा, आणि आपण जळतोय म्हणून घाबरायचा, आणि घाबरून माशाल्लाह ओरडायचा. असं त्याचं रहाटगाडगं.

बहला गावापासून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर खल्फान शाळेची बस चालवायचा. छोटी पिवळी-पांढरी बस. डोंगराच्या कुशीतली आठ-दहा घरांची वाडी, पुढे ओढा, ओढ्यापलीकडे खजुराच्या बागा, असं करत करत पोरं गोळा करायची आणि शाळेत सोडायची. पोरांच्या बापांनाही त्यानंच सोडलं होतं. एकदा एका पोरानं दप्तरात बकरीचं करडू घालून आणलं, ते गणिताच्या तासाला ओरडलं, आणि मास्तरांनी तक्रार आणली ती खल्फानकडे. खल्फान म्हणाला, मी पोरं मोजतो, करडं मोजत नाही.

एका वर्षी डोंगरात पाऊस झाला आणि ओढ्याला असा लोंढा आला की बस दोन वळणांच्या मधे अडकली. ना पुढे जाता येईना ना मागे. पोरं रडायला लागली. खल्फानच्या पायाशी हलव्याचा डबा होता, बहलाच्या बाजारातून बायकोसाठी घेतलेला. तूप वर तरंगतंय, केशर, वेलची, गुलाबपाणी. तो त्यानं उघडला. एकेका पोराच्या बोटावर हलवा आणि एकेक गोष्ट. पाणी ओसरलं तोवर डबा चाटूनपुसून साफ. त्या दिवसापासून बसमधे हलव्याचा डबा कायमचा आला. मोठेपणी मस्कतला साहेब झालेली माणसं गावी आली की गाडी थांबवून विचारायची, चाचा, डबा आहे का? तेव्हा खल्फान असा फुलायचा, आणि त्याच वेळी हळूच विचारायचा, हमूदच्या बसमधे काय मिळायचं रे? कारण हमूद, त्याचा जुना दोस्त, दुसऱ्या वाटेवर बस चालवायचा, आणि त्याच्या बसमधला थंड हवेचा पंखा खरोखरच थंड हवा द्यायचा.

आता त्याच्या घरचं सांगतो. मुलगा हमद तेलाच्या विहिरीवर कामाला, दोन आठवडे वाळवंटात, दोन आठवडे घरी. सून झुवैना किनाऱ्याकडची, सुवैकची. लग्नाआधी शाळेत शिकवायची. त्यांना दोन मुलं. धाकटा मुहन्नद, अखंड बडबड्या. आणि थोरली रहमा.

रहमा बोलायची नाही. मुकी नव्हती, घरात आईच्या कानात कुजबुजायची. पण चार माणसांत तिच्या ओठांना जणू कुलूप लागायचं. शाळेत बाईंनी उभं केलं की पुस्तक छातीशी धरून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. बसमधे ती बरोब्बर खल्फानच्या पाठीमागे बसायची. तो आरशात बघून तिला गोष्टी सांगायचा, खमीसच्या सायकलीची, करडाची, लोंढ्याची. ती बोलायची नाही, पण आरशात हसायची. ते हसू त्याचं एकट्याचं होतं. नसराला, म्हणजे त्याच्या बायकोला, तो रोज येऊन सांगायचा, आज दोनदा हसली. नसरा म्हणायची, बू हमद, अहो हमदचे बाबा, तुम्ही समोर रस्त्याकडे बघता की मागे?

आणि मग त्या हिवाळ्यात सगळंच फिरलं.

आधी हमदच्या रक्तात साखर निघाली. झुवैनानं स्वैपाकघरात जाऊन एक पोतडी भरली: साखर, मैदा, समोशांच्या पट्ट्या, बिस्किटं, आणि दिवाणखान्यातला पाहुण्यांसाठीचा हलवा. सगळं आपल्या माहेरी पाठवलं नाही, हे तिचे उपकार, शेजारी वाटलं. मग जवाची भाकरी आली, मसूर आले, दही, काकडी, आणि पाण्यात उकडलेला दुधी भोपळा. खजूर माणशी मोजून. खल्फानचं घर भिंतीला भिंत लागून, जेवण एकाच ताटात. तो जवाची भाकरी हातात घेऊन उलटसुलट करायचा आणि म्हणायचा, आमच्या लहानपणी दुष्काळात हीच खायचो, दुष्काळ परत आल्याचं मला कुणी सांगितलं नाही. नातवंडांना हलवा द्यायला त्याला सक्त मनाई झाली. बसमधला डबा राहिला, पण तो परक्या पोरांसाठी.

त्यानंतर झुवैनानं सांगितलं की मुलांना ती आता घरीच शिकवणार. परीक्षेपुरती शाळेत जातील. रहमाचं तोंड गर्दीत उघडत नाही, निदान घरात तरी उघडेल.

"म्हणजे बसमधे येणार नाहीत?" खल्फाननं विचारलं.

"कुठे जायला येतील, काका?" सून म्हणाली. सासऱ्याला तिकडे काकाच म्हणतात. ती सरळ मनानंच म्हणाली, पण ते वाक्य खल्फानच्या छातीत काट्यासारखं रुतलं. अख्ख्या डोंगराची पोरं मी शाळेत पोचवली, आणि माझीच दोन तेवढी शाळेविना शिकणार. हमूदनं बाजारात ऐकलं आणि म्हणाला, तुझी बस घरच्यांनाच नको झाली की काय? खल्फान त्यावर हसला, घरी आला आणि जेवला नाही.

आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं झालं. झुवैनाचा भाऊ सुवैकहून आला तो दोन ससे आणि एक पोपट घेऊन. मुलांना घरी शिकायचं तर सोबत हवी, म्हणे. सशांचं खल्फानला काही वाटलं नाही. ससा खातो, झोपतो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पोपट मात्र हिरवागार, पिस्त्याच्या रंगाचा, म्हणून त्याचं नाव ठेवलं फुस्तुक. पिस्ताच तो. गळ्याला लाल कंठ, आणि बघणं असं की जणू घरमालक हाच आणि आपण भाडेकरू.

एका सकाळी पोरं शाळेत सोडून खल्फान घरी आला. अंगणात वहाणा काढत होता तोच आतून एका मुलीचा आवाज आला. खणखणीत, घंटेसारखा. धडा वाचत होती. खल्फानला वाटलं शेजारची कुणी आली असेल. त्यानं पडदा बाजूला करून पाहिलं. रहमा पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसली होती. एकेक ओळ वाचायची आणि म्हणायची, "म्हण आता. नीट म्हण. पुन्हा सांगते, ऐक." पोपट मान वाकडी करून ऐकत होता. आणि मग पाहुण्याला 'या' म्हणावं तसं म्हणाला, "मर्हबा." रहमा मोठ्यानं हसली. आरशात हसायची तसं नाही. आवाज करून हसली.

झुवैना दारात उभी होती. तिच्या डोळ्यात पाणी होतं. नसरानं पदरानं डोळे पुसले आणि हळूच देवाचं नाव घेतलं.

खल्फाननं नाही घेतलं.

जन्मभर ज्या शब्दानं रस्ते हादरवले तो शब्द त्या क्षणी त्याच्या घशातून वर आलाच नाही. किती वर्षं मी आरशातून गोष्टी सांगितल्या, घसा कोरडा पडेपर्यंत सांगितल्या, तेव्हा हिचं एक अक्षर ऐकलं नाही. आणि हे पीसभर पाखरू, आत्ता आत्ता आलेलं, ह्याच्यासाठी घंटा वाजते? तो पोपटाकडे बघत राहिला. भिंतीला टेकून, लहानपणी बघितलं होतं तसा.

पुढे तर रोजचंच झालं. फुस्तुक 'मर्हबा' म्हणाला, फुस्तुक 'मुहन्नद' म्हणाला, फुस्तुकनं दोनाचा पाढा अर्धा म्हटला. बायका बघायला येऊ लागल्या. रहमा त्यांच्या समोर, चार माणसांत, पोपटाला शिकवायची, आणि बायका तोंडावर हात ठेवून ऐकायच्या. पोपटाला सगळ्यांची नावं आली. नसरा आली, झुवैना आली, वाळवंटातल्या हमदचंसुद्धा नाव आलं. जद्दी मात्र काही आला नाही. नातवंडं खल्फानला जद्दी म्हणत, आजोबा. रहमानं शिकवून बघितलं, पण पोपट त्या शब्दाला नाक मुरडायचा, म्हणजे नाक असतं तर मुरडलं असतं.

खल्फान नसराला म्हणाला, "मला मुद्दाम गाळतोय तो."

"पोपटाशी स्पर्धा करताय?" नसरा म्हणाली. "लोकांना कळलं तर बस चालवणं मुश्किल होईल तुम्हाला."

पण खल्फानला एक गोष्ट ठाऊक होती. पोरं वश करायची असतील तर कशानं होतात. सकाळी बस सोडून आला की झुवैना स्वैपाकघरात आणि मुलं सशांना गवत घालायला मागच्या अंगणात. तेवढ्या वेळात तो बसमधल्या डब्यात बोट बुडवायचा आणि ते बोट पिंजऱ्याच्या तारांतून आत घालायचा. "घे राजा. म्हण, जद्दी." पोपट हलवा चाटून पुसून घ्यायचा, चोच तारांना घासायचा, आणि एक अक्षर म्हणायचा नाही. खल्फान म्हणायचा, उद्या बघू. ह्या घरात गोडाला बंदी, म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्यात त्याला लबाडी दिसली नाही. हलवा देणं म्हणजे माया करणं, हेच त्याला आयुष्यभर माहीत होतं.

आणि मग एके दिवशी फुस्तुक फुगून बसला. पिसं फुलवून, डोळे मिटून, कोपऱ्यात. दाणा घेईना. दुसऱ्या दिवशीही तसाच. मर्हबा नाही, मुहन्नद नाही, पाढा नाही.

रहमा पिंजऱ्यासमोर बसून राहिली. झुवैनानं धडा काढला. रहमानं पुस्तक छातीशी धरलं आणि पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. आईच्या कानातही कुजबुजली नाही.

शेजारीपाजारी एकच बोलले. नजर लागली. एवढे लोक बघून गेले, एवढं कौतुक झालं, कुणीतरी देवाचं नाव न घेता बोलला असणार. उपाय सगळ्यांना ठाऊक. ज्याची नजर लागली त्याच्या उष्ट्या कहव्याचे चार थेंब पाण्यात मिसळायचे आणि ते पाणी बाधलेल्यावर शिंपडायचं, की बाधा उतरते. पण मागणार कसं? तुमची नजर लागली, जरा उष्टं द्या, असं तोंडावर म्हणणं म्हणजे पिढ्यांचं वैर. म्हणून काय करतात, जो जो येऊन गेला त्याला पुन्हा बोलवायचं, कहवा पाजायचा, आणि तो उठून गेला की त्याच्या बिनकानाच्या इवल्याशा कपातली तळाची कॉफी गुपचूप बरणीत ओतायची. कुणाचीही असो, त्यात त्याची येतेच.

नसरानं मोहीमच काढली. गावातल्या बायकांना इतका आग्रह कधी झाला नव्हता. झुवैना म्हणाली, आई, हे करा, माझी ना नाही, पण मी जनावरांच्या डॉक्टरलाही दाखवणार. डॉक्टर बाहेरगावी गेला होता, परतायला अवकाश होता. तोवर बरणी भरत गेली.

सगळ्यात जास्त संशय हमूदवर. तो पोपटाला बघून म्हणाला होता, असा पक्षी तर मस्कतच्या बाजारातसुद्धा नाही, आणि पुढे माशाल्लाह म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नसरानं त्याला मानानं बोलावलं. पण हमूदची एक खोड होती. तो कप जिभेनं पुसल्यासारखा पिऊन, वर हलवून दाखवून, कोरडा ठणठणीत परत द्यायचा. तळाला थेंब नाही. नसरा तिसऱ्यांदा ओतायला गेली तेव्हा तो म्हणाला, वहिनी, आज मला झोपू द्यायचं नाही असं ठरलंय का? शेवटी तो गेल्यावर तिनं त्यानं चोखून टाकलेल्या खजुराच्या बिया उचलल्या, धुतल्या, आणि ते पाणी बरणीत घातलं.

खल्फान हे सगळं बघत होता. आणि त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. बरणीत अख्ख्या गावाचा कहवा होता, फक्त एका माणसाचा नव्हता. रोज तो मजलिशीत, पाहुण्यांच्या बैठकीत, बसून कहवा प्यायचा, मुद्दाम तळाला घोटभर ठेवायचा, कप ताटात ठेवायचा, आणि कान देऊन ऐकायचा. नसरा हमूदचा कप दोन बोटांत धरून बरणीकडे न्यायची, जणू त्यात सोनं आहे. खल्फानचा कप सरळ नळाखाली. खळखळ, की संपलं.

आधी त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग राग आला. हमूदच्या नजरेत एवढं बळ, आणि माझ्या नजरेत काहीच नाही? लहानपणी लाल सायकल मोडली ती ह्याच डोळ्यांनी. पोपटावर जळायचा हक्क माझा, आणि मान हमूदला. असा तो त्याही बाबतीत हमूदवर जळला. इतका की त्या रात्री त्याला स्वतःचंच हसू यावं, पण आलं नाही.

दुपारी जेवायला सगळे ताटाभोवती बसले. मसूर आणि जवाची भाकरी. रहमा आली नाही. मुहन्नद तिला बोलवायला गेला आणि परत येऊन म्हणाला, ती मान हलवून नाही म्हणते. मुहन्नदसारखं बडबडं पोर, तेही भाकरीचा तुकडा नुसता हातात घेऊन बसलं.

खल्फान उठला. मजलिशीत गेला, आपला कप घेऊन आला, पिंजऱ्याच्या खोलीत रहमासमोर बसला आणि कप जमिनीवर ठेवला. मागोमाग सगळे आले.

"हा घ्या," तो म्हणाला. "बरणीतलं बाकी सगळं ओतून टाका. नजर माझी आहे."

"अहो काहीतरी काय," नसरा म्हणाली. "घरच्या माणसाची..."

"घरच्याचीच लागते. बाहेरच्याला काय पडलंय." मग तो रहमाकडे बघून बोलला, बाकी कुणी तिथे नसल्यासारखा. "तू त्याला वाचून दाखवत होतीस त्या दिवशी मी पडद्याआड होतो. सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं. मी नाही घेतलं. मला तुझा आवाज इतकी वर्षं ऐकायचा होता, आणि तो ह्यानं ऐकला."

रहमानं अंगठ्यावरची नजर वर उचलली. नंतर तिचे ओठ हलले. "जद्दी, तुम्हाला तो आवडत नाही?"

"जळतो मी त्याच्यावर. पण वाईट काही केलं नाही हो," खल्फान घाईघाईनं म्हणाला. "उलट त्याला माया लावावी म्हणून रोज सकाळी बोटभर हलवा दिला. चांगला, तुपातला, केशर घातलेला. माझ्या हातानं भरवला."

झुवैना त्याच्याकडे वळली.

"हलवा," झुवैना म्हणाली.

"थोडासाच."

"रोज?"

"शुक्रवारी नाही. शुक्रवारी बस नसते."

झुवैना खाली वाकली, पिंजऱ्याचं दार उघडलं, पोपटाला ओंजळीत घेतलं आणि चोच पाहिली. चोचीच्या कडेला, गळ्याखालच्या पिसांत, केशरी चिकट थर बसला होता. तिला हसावं की ओरडावं कळेना. ती म्हणाली, काका, हमदची साखर उतरवता उतरवता माझ्या नाकी नऊ आले, आणि तुम्ही पाखराच्या पोटात हलवाई बसवला. पण ओरडली नाही. आणि नसरानं, तेवढ्या गडबडीतही, खल्फानचा कप उचलला, चार थेंब पाण्यात टाकले आणि पोपटावर, पिंजऱ्यावर, रहमावर आणि खबरदारी म्हणून सशांवरही शिंपडले.

डॉक्टर परतल्यावर फुस्तुकला बहलाला नेलं. खल्फानच बस घेऊन गेला, इतका हळू की मागून येणाऱ्या उंटवाल्याच्या पिकअपनंसुद्धा भोंगा वाजवला. डॉक्टर सुदानी, बोलका. त्यानं पोपटाचा घसा साफ केला, औषध दिलं आणि सांगितलं की साखर, तूप, कहवा, काही नाही. बाजरी, कोवळी शेंग, भोपळ्याचा तुकडा, पालक. नवरा आणि पोपट, दोघांचं पथ्य एकच, झुवैना म्हणाली.

फुस्तुक हळूहळू बरा झाला. नसराला आजही विचारा, ती सांगेल की कपानंच झाला. औषध आपलं निमित्त.

झुवैनानं सासऱ्याला शिक्षा काय दिली असेल? रोज सकाळी बस सोडून आलं की पोपटाचा भाजीपाला त्यानंच चिरायचा, तिच्या डोळ्यांदेखत, धडे चालू असतील त्याच खोलीत. खल्फान विळी घेऊन भिंतीशी बसू लागला. शेंग चिरता चिरता तो मधेच एखादी गोष्ट सुरू करायचा, झुवैना बोटानं गप्प करायची, मुहन्नद खिदळायचा. रहमा पुन्हा वाचायला लागली. वाचताना अडली की आता ती जद्दीकडे बघायची. खल्फान वाळूत शिकलेला, छापील अक्षर त्यालाही अडायचं, मग दोघं मिळून अडायचे.

आणि एके दिवशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, भोपळ्याचा तुकडा आत येताना बघून फुस्तुक म्हणाला, "जद्दी."

विळीवरचा खल्फानचा हातच थांबला. त्या दिवशी त्यानं बहलाच्या बाजारात प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून सांगितलं, हमूदला दोनदा. त्यानंतर तर फुस्तुकला जद्दीशिवाय दुसरं सुचेना. खल्फान दारात आला की पिंजऱ्यात नाच. त्याच्याच हातचं खाणार, त्याच्याच खांद्यावर बसणार, कानाची पाळी चावणार. खल्फान त्या खांद्यानं असा चालायचा जणू त्यावर कुणी पदक लावलंय. देवाचं नाव घ्यायला तो विसरायचा नाही. घरातली भांडी हलायची.

मग एका सकाळी त्याला रहमा दिसली. ती पुस्तक उघडून पिंजऱ्यासमोर बसली होती, ओळ वाचत होती, "म्हण आता," म्हणत होती. पोपट तिच्याकडे पाठ करून दाराकडे बघत होता, जद्दी, जद्दी. खल्फान आत आला. पोपट तारांवर चढला. रहमानं पुस्तक मिटलं, भिंतीशी जाऊन टेकून उभी राहिली आणि आजोबाच्या खांद्याकडे बघायला लागली.

ते बघणं खल्फाननं ओळखलं. दुसऱ्या कुणी ओळखलं नसतं. त्या घरात कुणाला वाटलं असतं, पोर कंटाळली.

तो विळीशी बसला नाही. चिरलेल्या शेंगांची वाटी त्यानं रहमाच्या हातात दिली. "तू भरव," तो म्हणाला. "मी दिलं की माजतो तो."

"तो माझ्या हातून खात नाही."

"भूक लागली की खाईल. मी आज काही देणार नाही."

मग तो खोलीच्या टोकाला गेला, पिंजऱ्याकडे पाठ करून बसला आणि मुहन्नदच्या चपलेची तुटलेली पट्टी शिवायला घेतली. मागून हाका सुरू झाल्या. जद्दी. जद्दी. आधी लाडानं, मग रागानं, मग घसा फाडून. कुणीतरी त्याला अशी हाक मारावी म्हणून तो सबंध हिवाळा जळला होता. प्रत्येक हाकेला त्याच्या मानेचा स्नायू हलायचा. सुई बोटात गेली, तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं हाका थांबल्या. शेंग तुटल्याचा बारीक आवाज आला, आणि पाठोपाठ रहमाचा, मोठ्यानं, खणखणीत: "घेतली जद्दी, माझ्या हातून घेतली."

"बरं झालं," खल्फान म्हणाला, तोंड भिंतीकडेच ठेवून. खरं तर त्याला बरंच वाटलं होतं. थोडं पोटात दुखलंही होतं. त्यानं तो शब्द म्हटला, पण ह्या खेपेला इतक्या हळू की शेजारी बसलेल्या मुहन्नदलाही तो ऐकू गेला नाही.